मलेरिया आणि ढोल थांबवणाऱ्या पेशी : सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात सिंहगड रोडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. जुलै ते ऑक्टोबर आमच्याकडे तापाच्या पेशंटची रांग असते, त्यातले बरेचसे डेंग्यू नाहीतर साधे व्हायरल, मलेरिया हाताच्या बोटावर मोजण्याइतके. पण ज्याला मलेरिया निघतो त्याच्या घरचे काउंटरवर असे काही प्रश्न विचारतात की मलाच रात्री घरी येऊन वाचत बसावं लागतं. त्यात २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मेडिसिनचं नोबेल टीरेग नावाच्या पेशींच्या शोधाला मिळालं आणि माझ्या पुतण्याने विचारलं, आत्या, तुझ्या मलेरियात पण ह्या पेशी असतात का गं? असतात, आणि चांगल्याच उद्योगी असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही, गोळ्या कोणत्या घ्यायच्या ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

टीरेग म्हणजे नक्की काय?

पुतण्या ढोलपथकात आहे म्हणून त्याला जसं सांगितलं तसंच सांगते. गणपतीच्या आधी दोन महिने नदीपात्रात प्रॅक्टिस चालते ती बघितली असेल. पन्नास-साठ ढोल एका वेळी वाजतात, अंगावर काटा येतो, पण समोर एक जण उभा असतो जो हाताने खूण करतो, त्याची खूण झाली की सगळे ढोल एकदम बंद. तो स्वतः काहीच वाजवत नाही. तो नसेल तर वाजवणारे पोरं थांबतील का? हात फुटेपर्यंत वाजवतील.

आपल्या रक्तात टी पेशी म्हणजे हे ढोलवाले. जंतू आला की त्या खवळतात, केमिकल सोडतात, इतर पेशींना कामाला लावतात. आणि त्यांच्यातच थोड्या पेशी अशा असतात ज्यांचं काम फक्त थांबवण्याचं, त्या टीरेग, म्हणजे नियामक टी पेशी. सीडी४ नावाच्या टी पेशींपैकी साधारण ५ ते १० टक्के एवढ्याच. त्यांची ओळख म्हणजे आत फॉक्सपी३ नावाचं जीन चालू असतं आणि अंगावर सीडी२५ नावाचं प्रोटीन भरपूर असतं. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये उंदरांत ह्या पेशी दाखवल्या, तेव्हा असल्या पेशींवर फार कोणाचा विश्वासच राहिला नव्हता. मग २००१ मध्ये अमेरिकेत मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी एका आजारी जातीच्या उंदरांत फॉक्सपी३ चा दोष पकडला, आणि दोन वर्षांत कळलं की ह्या दोन्ही गोष्टी एकच आहेत. नोबेल तिघांना मिळून.

हा हात दाखवणारा जन्मतःच नसेल तर काय होतं हेही माहीत आहे. आयपेक्स नावाचा दुर्मिळ आजार आहे, मुलग्यांना होतो, तान्हेपणीच डायबेटिस, न थांबणारे जुलाब, अंगभर पुरळ, कारण त्यांच्या टी पेशी स्वतःच्याच शरीरावर तुटून पडतात.

पण थांबवतात कशा?

बऱ्याच युक्त्या आहेत, तीनच सांगते. एक, आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा असे शांत करणारे निरोप सोडतात. दोन, बाकीच्या टी पेशींना वाढायला आयएल-२ लागतं, ते ह्याच आधी पिऊन टाकतात, म्हणजे पंगतीत आधी बसून बासुंदी संपवणारे पाहुणे. तीन, त्यांच्या अंगावर सीटीएलए-४ नावाचं प्रोटीन असतं, त्याने त्या इतर पेशींवरची "चला, सुरू करा" सांगणारी खूणच ओढून काढतात. ही सीटीएलए-४ लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

मलेरियात ताप कशाने येतो? डास चावला की लगेच का नाही येत?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण लोकांना वाटतं जंतूच काहीतरी विष सोडतो आणि ताप येतो. थोडंफार तसं आहे पण अर्धी गोष्ट आपलीच आहे.

अॅनोफिलिसची मादी चावते तेव्हा जंतू आधी लिव्हरमध्ये जातात. तिथे आठवडाभर, कधी जास्त, गुपचूप वाढतात. तुम्हाला काहीही होत नाही, तुम्ही ऑफिसला जाताय, वडापाव खाताय. मग लिव्हरच्या एकेका पेशीतून हजारोंनी पिल्लं बाहेर पडतात आणि लाल पेशींत शिरतात. लाल पेशीत वाढतात, पेशी फोडतात, नव्या पेशीत शिरतात, आणि व्हायवॅक्स नावाच्या मलेरियाच्या जातीत हा फेरा ४८ तासांचा असतो. पेशी फुटते तेव्हा जंतूचा सगळा कचरा रक्तात येतो, त्यात हिमोग्लोबिन खाऊन उरलेला तपकिरी-काळा हिमोझोइनचा रंगही असतो. हा कचरा आपल्या पांढऱ्या पेशींना दिसला की त्या टीएनएफ, आयएल-१, आयएल-६ असे निरोप सोडतात, ते मेंदूतल्या थर्मोस्टॅटपर्यंत पोचतात, थर्मोस्टॅट म्हणतो टेंपरेचर वाढव, आणि मग हुडहुडी भरते, तीन रजया घातल्या तरी दात वाजतात. तास-दोन तासांनी अंग भट्टीसारखं तापतं, मग दरदरून घाम आणि माणूस गळून झोपतो. जुनी माणसं ह्याला पाळीचा ताप म्हणायची, एक दिवसाआड येणारा, ते ४८ तासांचं गणित त्यांना मायक्रोस्कोप न बघता माहीत होतं. इटलीच्या कॅमिलो गोल्जीने १८८० च्या दशकात तेच स्लाइडवर जुळवून दाखवलं, की ताप चढतो ती वेळ आणि पेशी फुटायची वेळ एकच.

नऱ्ह्याकडच्या एका बांधकामावरचे वॉचमन काका आमच्याकडे आले होते, नाव अर्थात सांगत नाही. आले तेव्हा व्यवस्थित चालत आले, ताप नव्हता, म्हणाले काल नव्हता आज येईल बघा मॅडम अकरा वाजता, घड्याळ लावून येतो. साडेदहा वाजले होते. मी बोट टोचून स्लाइड केली, लीशमनचा रंग लावला, ऑइल टाकून बघितलं तर तिसऱ्या-चौथ्या फील्डलाच दिसलं. लाल पेशी शेजारणीपेक्षा चांगली फुगलेली, तिच्यावर बारीक गुलाबी ठिपके आणि आत जंतू अमीबासारखा पसरलेला. व्हायवॅक्स. बाजूला एका पांढऱ्या पेशीच्या पोटात तो काळा रंग, म्हणजे तिने कचरा खाल्लेला. मी रिपोर्ट टाइप करेपर्यंत काका बाहेरच्या बाकड्यावर मुटकुळं करून बसले होते, दात वाजत होते, आणि भिंतीवर ११ वाजून ५ मिनिटं.

तर ताप म्हणजे आपल्याच ढोलवाल्यांचा आवाज आहे हे डोक्यात ठेवा, म्हणजे पुढचं सोपं जातं.

मग टीरेग आपल्या बाजूच्या की जंतूच्या?

इथे सगळ्यांना एका शब्दात उत्तर पाहिजे असतं आणि ते नाहीये. खूण करणाऱ्याने मिरवणूक अजून शेवटच्या अलका चौकापासून लांब असतानाच ढोल थांबवला तर? जंतू तर अजून वाढतायत. आणि थांबवलाच नाही तर रस्त्यावरच्या काचा फुटतील. दोन्ही गोष्टी मलेरियात होतात. कधी थांबवलं ह्यावर सगळं आहे.

लवकर थांबवण्याबद्दलचे पुरावे आधी. जपानमध्ये २००४ साली छापून आलेला प्रयोग आहे, उंदरांना त्यांच्या मलेरियाची मारक जात टोचली, ज्यांच्यातून टीरेग काढून टाकल्या होत्या ते उंदीर वाचले, बाकीचे मेले. सरळ अर्थ निघतो की जंतूला निसटायला टीरेगची मदत होते. पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, माणसांवरचा अभ्यास आला. ब्रिटनमधल्या निरोगी स्वयंसेवकांनी (हो, असे लोक असतात, डॉक्टरांच्या देखरेखीत स्वतःहून डास चावून घेतात) फॅल्सिपॅरम, म्हणजे मलेरियाची जास्त जीवघेणी जात, अंगात घेतला. ज्यांच्यात टीजीएफ-बीटा आणि टीरेग लवकर वाढल्या त्यांच्यात जंतूही जास्त वेगाने वाढले. इंडोनेशियातल्या पापुआ भागात गंभीर फॅल्सिपॅरम झालेल्या मोठ्या माणसांतही, जितके जंतू जास्त तितक्या टीरेग जास्त, आणि त्याही जास्त जोरकस प्रकारच्या, असं २००९ मध्ये दिसलं.

आता ह्यात एक गोम आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. जंतू जास्त म्हणून टीरेग वाढल्या, की टीरेग वाढल्या म्हणून जंतू जास्त? रक्ताचा एक नमुना घेऊन हे कळत नाही. पाऊस पडला म्हणून छत्र्या दिसतात, छत्र्यांमुळे पाऊस पडत नाही. आणि उंदरांच्या प्रयोगातही भानगड आहे, टीरेग काढायला सीडी२५ ला चिकटणारी अँटिबॉडी वापरतात, पण सीडी२५ तर नुकत्याच खवळलेल्या लढाऊ टी पेशींवरही असतं, म्हणजे खूण करणारा शोधता शोधता दोन-चार ढोलवालेही उचलून नेले. म्हणून वेगवेगळ्या लॅबची उत्तरं वेगवेगळी येत राहिली. २००८ मध्ये तर उंदरांवरच्याच एका कामात असं निघालं की जंतू किती आणि त्रास किती हे ठरवणारं आयएल-१० मुळात फॉक्सपी३ वाल्या टीरेगकडून येतच नव्हतं, दुसऱ्याच टी पेशी ते बनवत होत्या. त्या पेशींकडे नंतर येते.

आणि उशिरा थांबवलं किंवा थांबवलंच नाही तर?

आयएल-१० बनवताच न येणारे उंदीर तयार केलेले आहेत. त्यांना एरवी बरा होणारा मलेरिया दिला तर जंतू इतरांपेक्षा फार वाढत नाहीत, तरी ते जास्त आजारी पडतात आणि बरेच मरतात, माद्या तर जास्तच. जंतूने मारलं नाही, आपल्याच आवाजाने मारलं.

माणसांत बघायचं तर आफ्रिकेतल्या लहान मुलांचं उदाहरण आहे. घाना आणि केनियातल्या १९९० च्या दशकातल्या अभ्यासांत, ज्या मुलांचं रक्त मलेरियाने खूप कमी झालं होतं त्यांच्यात टीएनएफच्या मानाने आयएल-१० कमी पडत होतं. म्हणजे ढोल चालू, हात वर झालाच नाही.

मेंदूचा मलेरिया म्हणतात त्यात टीरेगचा काय रोल?

फॅल्सिपॅरममध्ये जंतू असलेल्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. मेंदूत असं झालं की सूज, फिट्स, बेशुद्धी. मलावीतल्या मुलांचे एमआरआय काढून २०१५ मध्ये दाखवलं की जी मुलं दगावली त्यांच्यात मेंदू खूप सुजलेला होता.

उंदरांत ह्याचं मॉडेल आहे आणि तिथे टीरेगबद्दल चक्क उलटसुलट निकाल आहेत. २००७ मध्ये एकांनी टीरेग काढल्या तर उंदीर वाचले. २०१० मध्ये दुसऱ्यांनी औषध देऊन टीरेग वाढवल्या तर उंदीर वाचले, आणि ते सीटीएलए-४ मुळे झालं हेही दाखवलं. शरीरात आपोआप असतात तेवढ्या टीरेगने फार फरक पडत नव्हता, मुद्दाम फुगवल्यावर पडला. मला विचाराल तर ह्या मॉडेलवरून माणसाबद्दल फार ठाम बोलू नये, उंदरांच्या मेंदूत मुख्य गोंधळ सीडी८ नावाच्या, इतर पेशी मारणाऱ्या टी पेशींचा असतो आणि मुलांमध्ये लाल पेशी चिकटण्याचा भाग फार मोठा आहे.

एवढं जर आपल्याच इम्युनिटीने होत असेल तर ती दाबायचं औषध देत का नाहीत, स्टेरॉइड वगैरे?

देऊन बघितलंय! एक काका काउंटरवर अगदी वाद घालत होते ह्यावर, कोविडमध्ये स्टेरॉइड चाललं मग इथे का नाही म्हणून. थायलंडमध्ये मेंदूच्या मलेरियाच्या १०० पेशंटवर डेक्सामेथासोनची नीट चाचणी झाली, १९८२ मध्ये छापली. मृत्यू कमी झाले नाहीत, उलट डेक्सा मिळालेले लोक जास्त वेळ बेशुद्ध राहिले आणि न्यूमोनिया, पोटातला रक्तस्राव असल्या भानगडी त्यांच्यात जास्त. मग लोक म्हणाले सगळी इम्युनिटी दाबू नका, फक्त टीएनएफ दाबा. गांबियात मुलांना टीएनएफविरोधी अँटिबॉडी देऊन बघितली, निकाल १९९६ चा. ताप उतरला लवकर, पण मृत्यू तेवढेच, आणि वाचलेल्या मुलांत मेंदूचे दोष उरण्याचं प्रमाण वाढलं.

का, तर पेशंट हॉस्पिटलमध्ये येतो तेव्हा मिरवणूक बरीच पुढे गेलेली असते, काचा फुटून झालेल्या असतात. टीरेगचं काम पहिल्या काही दिवसांतलं, जेव्हा पेशंटला आपल्याला काही झालंय हे माहीतही नसतं. गंभीर मलेरियात जीव वाचवतं ते शिरेतून दिलेलं आर्टेसुनेट, जंतू मारणारं. इम्युनिटीच्या ब्रेकवर पाय ठेवायचं औषध अजून तरी नाही.

उलट करा मग, सुरुवातीलाच ब्रेक काढून टाका, जंतू लवकर मरतील?

कॅन्सरमध्ये हेच करतात. सीटीएलए-४ अडवणारी औषधं आहेत, त्या शोधासाठी २०१८ चं नोबेल मिळालंय. मलेरियाच्या उंदरांतही २०१७ मध्ये दिसलं की टीरेग सीटीएलए-४ वापरूनच चांगल्या अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींची वाट अडवतात, आणि ठरावीक वेळेला ती अडवणूक काढली तर जंतू लवकर संपतात, पुढच्या वेळची तयारीही चांगली होते. ठरावीक वेळेला, हे महत्त्वाचं. कारण मेंदूच्या मलेरियाच्या मॉडेलमध्ये सीटीएलए-४ अडवल्यावर आजार आणखी चिघळला होता.

आणि एक निसर्गाचाच प्रयोग आहे, तो मी सगळ्यांना सांगते. बुर्किना फासोमध्ये फुलानी नावाचे गुराखी लोक आहेत, शेजारच्या गावांत मोसी लोक राहतात, डास तेच, पाऊस तोच. तरी फुलानींना मलेरिया कमी होतो आणि त्यांच्यात मलेरियाविरुद्ध अँटिबॉडी जास्त असतात. २००८ मध्ये इटली आणि बुर्किनाच्या लोकांनी तपासलं तर फुलानींच्या टीरेग संख्येने सारख्याच होत्या पण कामात ढिल्या. म्हणजे तिथे ब्रेक जन्मापासूनच थोडा सैल आणि मलेरियाच्या बाबतीत तो फायद्याचा ठरला. हे अख्ख्या आयुष्यभराचं आहे, बाहेरून चार दिवस ब्रेक काढून तसं होईल असं नाही.

गडचिरोलीत म्हणे लोकांच्या रक्तात जंतू असतो आणि ताप नसतो, हे कसं?

खरं आहे. महाराष्ट्रातला बराचसा मलेरिया गडचिरोलीचा, आणि शेजारी छत्तीसगडच्या बस्तरमध्ये २०२० पासून घरोघरी जाऊन ताप नसलेल्यांचंही रक्त तपासायची मोहीम चालवली, कारण जंतू घेऊन फिरणारी धडधाकट माणसं तिथे भरपूर होती. डास त्यांनाच चावून पुढे नेतो.

हे कसं होतं त्यावर युगांडातल्या टोरोरो भागात सुंदर काम झालंय. तिथल्या मुलांना वर्षात कित्येकदा मलेरिया व्हायचा. अपेक्षा अशी होती की ताप न येणाऱ्या मुलांत टीरेग भरपूर सापडतील. निघालं उलटं, मलेरिया जितक्या वेळा होऊन गेला तितकं फॉक्सपी३ वाल्या टीरेगचं प्रमाण कमी! मग हात वर कोण करतं? तर ढोलवालेच. ज्या टी पेशी लढायचं केमिकल, इंटरफेरॉन गामा, सोडतात, त्याच पेशी सोबत आयएल-१० पण सोडायला लागतात. ह्यांना टीआर१ म्हणतात, मघाशी नंतर येते म्हणाले त्या ह्याच. पथकात नवीन पोरं फक्त वाजवतात, पाच गणपती झालेला पोरगा वाजवता वाजवता स्वतःच ठोका सांभाळतो, कोणी खूण करायची गरज पडत नाही. गांबियात २००९ मध्ये हेही दिसलं होतं की साधा मलेरिया झालेल्या मुलांत ह्या दोन्ही केमिकल सोडणाऱ्या पेशी गंभीर मुलांपेक्षा जास्त असतात.

याचा तोटा? जंतू पूर्ण जात नाही. शरीर म्हणतं राहा बाबा कोपऱ्यात, फक्त गोंगाट करू नको. आणि हा समझोता टिकाऊ नसतो, माणूस काही वर्षं मलेरिया नसलेल्या शहरात राहिला की पुसट होतो. म्हणून लहानपणी गावाकडे मलेरिया होऊन गेलाय, आता पुण्यात मला होणार नाही, हे डोक्यातून काढा.

मग इम्युनिटी बूस्टर घेऊ का? गुळवेलीचा काढा, मल्टिव्हिटॅमिन?

वर एवढं वाचून तुम्हीच सांगा, नक्की काय बूस्ट करायचंय? ढोल की हात दाखवणारा? आणि कुठल्या दिवशी? इम्युनिटी म्हणजे गॅसची शेगडी नाही की नॉब फिरवला आणि वाढली. घरी करा मऊ भात, पेज, भरपूर पाणी, ते चांगलंच आहे. पण मलेरियात लिव्हरवर आधीच ताण असतो, आणि गुळवेल बरेच दिवस घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले होते (आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला). मी माझ्या आईला तापात देत नाही, एवढंच सांगते.

माझ्या टीरेग किती आहेत ते तुमच्या लॅबमध्ये कळेल?

नाही. त्याला फ्लो सायटोमीटर, म्हणजे एकेक पेशी ओळखून मोजणारं मशीन लागतं, पेशीच्या आतलं फॉक्सपी३ रंगवावं लागतं, असली कामं पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या संशोधनाच्या जागी होतात. आणि कळून उपयोग काय, त्या आकड्यावरून कुठलाही डॉक्टर औषध बदलत नाही. कोणी मलेरियासाठी "टीरेग प्रोफाइल" म्हणून पॅकेज विकायला आला तर चहा पाजून परत पाठवा.

लस हडपसरला बनते मग पुणेकरांना का नाही?

आर२१ लस ऑक्सफर्डची, बनवते सीरम इन्स्टिट्यूट, जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस केली. ती फॅल्सिपॅरमसाठी आहे, आफ्रिकेतल्या लहान बाळांसाठी, जिथे मलेरियाने मुलं मरतात. लिव्हरमध्ये शिरण्याआधीच जंतूला गाठणाऱ्या अँटिबॉडी ती तयार करते, म्हणजे ढोल-ताशाची वेळच येऊ द्यायची नाही. व्हायवॅक्सवर तिचा उपयोग नाही, आणि पुण्यात मलेरिया इतका कमी आहे की मोठ्या माणसांना देत सुटण्यात अर्थ नाही. आपल्याकडे टाकी झाकणं जास्त कामाचं, शहरातला अॅनोफिलिस स्टीफेन्साय गच्चीवरच्या टाकीत आणि बांधकामाच्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आपल्याकडचा हा डास २०१२ मध्ये आफ्रिकेत जिबुतीला सापडला आणि तिथल्या शहरांना आता त्याने घाम फोडलाय.

प्लेटलेट कमी आल्या म्हणजे डेंग्यूच ना?

नाही. मलेरियातही कमी होतात, व्हायवॅक्समध्ये तर बऱ्याचदा. स्लाइड द्या.

पहिली स्लाइड निगेटिव्ह आली, झालं ना?

नाही झालं. जंतू कमी असले तर निसटतात, ताप चालू असेल तर पुढचे एक-दोन दिवस पुन्हा द्यायची. आणि मलेरियाच्या झटपट टेस्टच्या किटवर फॅल्सिपॅरमची रेघ बरं झाल्यावरही काही आठवडे येऊ शकते, जंतू मेलेला असतो पण त्याचं प्रोटीन रक्तात असतं, तेव्हा घाबरून पुन्हा गोळ्या खाऊ नका, स्लाइड करून घ्या.

त्या वॉचमन काकांचं काय झालं?

त्यांना डॉक्टरांनी तीन दिवस क्लोरोक्विन दिलं, जी६पीडी (लाल पेशींतलं एक एंझाइम, ते कमी असेल तर प्रायमाक्विनने पेशी फुटतात) बघून चौदा दिवस प्रायमाक्विन लिहून दिलं. चौथ्या दिवशी ताप गेला, काकांना वाटलं झालं काम, उरलेल्या गोळ्या खोलीत फळीवर ठेवून दिल्या. व्हायवॅक्सचे काही जंतू लिव्हरमध्ये झोपून राहतात, त्यांना टीरेग, टीआर१, ढोल, कशाचाच पत्ता लागत नाही, त्यांना मारायला त्या चौदा दिवसांच्या गोळ्या लागतात.

फेब्रुवारीत परत आले, डास फारसे नसताना. ह्या वेळी हुडहुडी तेवढी नव्हती, म्हणाले थोडी कणकण आहे, अंग मोडून येतं, बायको म्हणाली म्हणून आलो. स्लाइड लावली. जंतू मात्र पहिल्यापेक्षा काही कमी नव्हते, ते बघून मला टोरोरोची पोरं आठवली. ह्या वेळी गोळ्या बायकोने ताब्यात घेतल्या आहेत आणि रोज रात्री जेवण झाल्यावर समोर उभी राहून गिळायला लावते, दहाव्या दिवशी ते मला रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, अजून चार.